उणे १९६ अंशांवरचा पडदा

कोट घाला. असेल नसेल तेवढा जाड. मॉस्कोतला ऑक्टोबर हा आपला ऑक्टोबर हीटचा ऑक्टोबर नव्हे. यंत्रबिंत्र काही नाही. डोळे मिटायचे, उघडायचे, की साल १९६४.

तुम्ही लेनिन्स्की प्रॉस्पेक्ट नावाच्या रुंद रस्त्यावर उभे आहात. समोर ५३ क्रमांकाची, खांबाखांबांची भारदस्त इमारत: लेबेदेव्ह भौतिकी संस्था. इथले लोक तिला आद्याक्षरांवरून ‘फियान’ म्हणतात. ख्रुश्चेव्ह यांना याच महिन्यात पायउतार व्हावं लागलंय. पण या इमारतीसाठी हा शरद ऋतू वेगळ्याच बातमीचा आहे. इथल्या निकोलाय बासोव्ह आणि अलेक्सांद्र प्रोखोरोव्ह या दोघांना, अमेरिकेच्या चार्ल्स टाउन्स यांच्या जोडीने, यंदाचं भौतिकीचं नोबेल मिळतंय. लेसर ज्या तत्त्वावर चालतो त्या कामासाठी.

तुम्ही मात्र नोबेल बघायला आलेला नाहीत. आत चला, अडवणारं कोणी नाही. तुम्ही कुणाला दिसतच नाही.

प्रयोगशाळेत पहिल्यांदा कानावर येते ती निर्वात पंपाची ठकठक, आणि नाकाला पंपाच्या तेलाचा वास. मग धूर दिसतो. घाबरू नका, तो धूर नव्हे. कोणीतरी मोठ्या थर्मासमधून द्रवरूप नायट्रोजन ओततंय आणि त्याच्या थंडीने हवेतली वाफ गोठून खाली सांडतेय. उणे १९६ अंश सेल्सिअस. हा आकडा लक्षात ठेवा, आजचा सगळा प्रवास त्याच्याभोवती फिरणार आहे. त्या थंडाईत, धातूच्या पकडीत बसवलेला, हळकुंडाच्या रंगाचा एक बारीक स्फटिक आहे. कॅडमियम सल्फाइड. चित्रकारांच्या पेटीतला ‘कॅडमियम यलो’ म्हणजे हाच पदार्थ, फक्त इथे तो रंग म्हणून कुटलेला नाही, अखंड वाढवलेला आहे.

स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळतो. क्षणभरच. पिवळ्या खड्यातून निळसर हिरवा उजेड बाहेर पडतो आणि तो काजव्यासारखा चहूकडे न पसरता एका दिशेने निघतो. बासोव्ह, बोग्दान्केविच आणि देव्यात्कोव्ह यांनी हे याच वर्षी जाहीर केलंय. अर्धवाहक स्फटिकाला ना दिव्याने उजळलं, ना तारा जोडल्या. नुसता इलेक्ट्रॉनांचा मारा केला आणि लेसर चालला.

तुमच्या मनात आलं असेल, एवढी उठाठेव कशाला? दोनच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, अमेरिकेत रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या इवल्याशा डायोडमधून वीज सोडून लेसर चालवला होता. तेच सोपं नाही का? सोपं आहे, पण त्या लेसरचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो अवरक्त आहे. आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातही साठच्याच दशकात गॅलियम आर्सेनाइडचे लेसर बनले, तेही तसलेच, न दिसणाऱ्या उजेडाचे. हिरवा-निळा हवा असेल तर कॅडमियम सल्फाइड किंवा झिंक सेलेनाइडसारखा पदार्थ लागतो, आणि तिथे घोडं पेंड खातं. डायोड बनवायला एकाच पदार्थाचे दोन प्रकार शेजारी शेजारी लागतात: एकात इलेक्ट्रॉन जास्त, तो एन, दुसऱ्यात इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा जास्त, तो पी. कॅडमियम सल्फाइड एन व्हायला एका पायावर तयार असतं. पी मात्र काही केल्या होत नाही. तुम्ही रिकाम्या जागा तयार करायला जावं, तर स्फटिक आपल्या अंगातलेच दोष वापरून त्या भरून टाकतो.

दार उघडत नसेल तर कौलं काढून आत उतरायचं. इलेक्ट्रॉनांचा झोत हे कौलं काढणं आहे. बाहेरून वेगाने आलेला इलेक्ट्रॉन स्फटिकात घुसताना वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना जागचं उठवत जातो. उठलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा, अशा जोड्यांची रांग लागते. ५०,००० व्होल्टांनी ढकललेला एकच इलेक्ट्रॉन सहा-साडेसहा हजार जोड्या तयार करतो. या जोड्या परत जुळताना उजेड देतात. पी नको, जोड नको, तारही नको.

फक्त या गिरणीत दळणावळ फार महाग पडते. एक जोडी तयार करायला तिच्यातून मिळणाऱ्या उजेडाच्या साधारण तिप्पट ऊर्जा मोजावी लागते. तीन पायल्या ज्वारी टाकायची आणि एक पायली पीठ घरी न्यायचं. बाकीच्या दोन पायल्यांची उष्णता होते. यात कारागिराचा दोष नाही, निसर्गाचाच हा दर आहे, आणि त्यात घासाघीस चालत नाही.

आता डोळे मिटा. वाटेत फार कुठे थांबायचं नाही, पण आपल्याच घरात एकदा डोकावू. ऐंशीच्या दशकातला टीव्ही, वर क्रोशाचा रुमाल. त्याची पाठ उघडून बसलेला दुरुस्तीवाला मान हलवतो आणि ते भयंकर वाक्य उच्चारतो: “पिक्चर ट्यूब गेली.” ज्यांनी ते ऐकलंय त्यांना ट्यूब म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मागे इलेक्ट्रॉनांची बंदूक, पुढे काचेच्या आतून फॉस्फरचा लेप. झोत जिथे पडेल तिथला फॉस्फर उजळतो. घरच्या पडद्याला एवढं पुरतं. पण हेच चित्र भिंतभर मोठं करायचं तर फॉस्फर दगा देतो. तो उजेड सगळ्या दिशांना उधळतो, त्यातला भिंगात थोडाच शिरतो. झोत वाढवावा तर एका मर्यादेनंतर तो आणखी उजळत नाही, नुसता तापतो आणि जळतो.

झोतानेच थिएटरचा पडदा भरायची धडपड जुनी आहे. झुरिकमध्ये फ्रिट्झ फिशर यांनी १९४३ मध्येच तेलाच्या पातळ थरावर इलेक्ट्रॉनांनी चित्र उमटवून ते आर्क दिव्याने पडद्यावर टाकलं होतं. आयडोफर म्हणत त्याला. कपाटाएवढं धूड. पण चाललं, पुढे कित्येक वर्षं चाललं.

फियानमधल्या लोकांना सुचलं ते याहून देखणं आहे. पिक्चर ट्यूब तशीच ठेवायची, फक्त फॉस्फरचा लेप खरवडून काढून तिथे तो पिवळा स्फटिक बसवायचा.

डोळे उघडा. पुन्हा तीच इमारत, पण १९९२ साल. बाहेर सोव्हिएत संघ उरलेला नाही. २ जानेवारीला सरकारने किमतींवरचं नियंत्रण उठवलं आणि पगार महिनाअखेरपर्यंत पुरेनासा झाला. दुकानांबाहेर आज्या उभ्या आहेत, घरातल्या वस्तू हातात धरून, विकायला. तुम्ही मान खाली घालून आत शिरता.

नासिबोव्ह, कोझलोव्स्की, पोपोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पूर्ण रंगीत टीव्ही-प्रोजेक्टरविषयीचा निबंध याच वर्षी स्फटिकवाढीच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून येतोय. स्फटिक बसवलेल्या या नळीला रशियनमध्ये नाव आहे क्वांटोस्कोप. इंग्रजी जग तिला लेसर सीआरटी म्हणतं. मला रशियन नाव जास्त आवडतं. त्यात थोडी जादूगाराची ऐट आहे.

जवळ जाऊन नळीचं तोंड पाहा. तळहातावर मावेल अशी नीलमण्याची पारदर्शक चकती, आणि तिला चिकटवलेली अर्धवाहक स्फटिकाची केसासारखी पातळ कापणी. कापणीच्या दोन्ही बाजू घासून आरशासारख्या केलेल्या, आणि खरोखरच आरसे चढवलेले: इलेक्ट्रॉन येतात त्या बाजूला उजेड अजिबात सोडणार नाही असा, आणि नीलमण्याच्या बाजूला थोडासा गळू देणारा. झोत जिथे टेकेल त्या बिंदूपुरता दोन आरशांमध्ये एक लेसर जन्माला येतो. झोत पुढे सरकला की तो विझतो आणि शेजारचा पेटतो. रशियन दूरदर्शनच्या ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, आणि एका बिंदूच्या वाट्याला सेकंदाचा जेमतेम एक कोटी चाळीस लाखावा भाग. तेवढ्या अवधीत एक लेसर चालू होऊन, आपला उजेड देऊन बंद होतो. हलणारा आरसा नाही, फिरणारी चकती नाही. सगळं काम नळीच्या मानेवरच्या तांब्याच्या वेटोळ्यांचं चुंबकत्व करतं, घरच्या टीव्हीत करायचं तसंच.

शिशाच्या आडोशामागे उभे राहा. घरच्या रंगीत टीव्हीत २५,००० व्होल्टांच्या आसपास असायचे. इथे दुप्पट आहेत, आणि एवढ्या वेगाचे इलेक्ट्रॉन आदळले की क्ष-किरण निघणारच. तुमच्यातले काही अजून जन्मले नसतील, त्यांनी नसती काळजी करू नये.

दिवे मालवतात. भिंतीवर रंगपट्ट्या.

हिरवा पाहा आधी. टीव्हीतला हिरवा नेहमी थोडा पांढुरका असतो; आपल्याला सवय झाल्यामुळे खटकत नाही इतकंच. हा हिरवा कॅडमियम सल्फाइडमधून येतोय आणि त्यात दुसऱ्या कशाची भेसळ नाही. तांबडा कॅडमियम सल्फाइड आणि सेलेनाइडच्या मिश्रणातून, निळा झिंक सेलेनाइडमधून. या तिघांच्या जुळणीतून पैठणीच्या पदरावरचा मोरपंखी पडद्यावर आणता येईल, जो तुमच्या घरच्या टीव्हीला कधीच जमला नाही. उजेड अरुंद सुळक्यात निघतो म्हणून भिंगही लहानसंच पुरलंय. आणखी एक गोष्ट बघा. लेसर पॉइंटर भिंतीवर टाकला की ठिपक्यात मुंग्या वळवळल्यासारखे कण दिसतात ना? इथे ते फारसे जाणवत नाहीत. प्रत्येक बिंदू स्वतंत्र लेसर, शेजाऱ्याशी लयीचं काही नातं नाही, त्यामुळे तो कणीदारपणा विरून जातो. आज लेसर प्रोजेक्टर बनवणारे याच मुंग्या घालवायला पडदे थरथरवतात, काचा फिरवतात.

स्फटिकात कुठे जोडरेषा किंवा डाग असेल तर तोही मोठा होऊन भिंतीवर येतो. चित्र बदलतं, डाग जागचा हलत नाही. खपली म्हणा.

आता भिंतीकडे पाठ करा आणि आवाज ऐका. नळीमागे काहीतरी शांतपणे उकळतंय. उणे १९६ अंशांवर उकळतंय.

हिशेब तुम्हीच करा. ५०,००० व्होल्ट आणि एक मिलिअँपिअर, म्हणजे झोतात ५० वॅट. पन्नास वॅट म्हणजे जुना मंद बल्ब, वाटेल की काय मोठंसं. पण झोताचा ठिपका २५ मायक्रोमीटरचा. त्या ठिपक्यावर चौरस सेंटिमीटरला एक कोटी वॅटच्या हिशेबाने ऊर्जा कोसळते. लेसर चालू व्हायला एवढी दाटी लागतेच, आणि स्फटिक जितका गरम तितकी ती जास्त लागते. म्हणून त्याला गारठवून ठेवायचं. आता ५० वॅटमधून ५ वॅट उजेड निघाला असं धरू. उरलेल्या ४५ वॅटच्या उष्णतेने तासाला एक लिटर द्रव नायट्रोजन वाफ होऊन जातो. तीन रंगांच्या तीन नळ्या. तीन तासांचा हिंदी सिनेमा लावलात तर नऊ लिटर, इकडेतिकडे गळेल ते वेगळं. म्हणजे थिएटरच्या मागच्या दाराने रोज सकाळी दूधवाल्यासारखा नायट्रोजनवाला यायला हवा, नाहीतर तेवढ्या ताकदीचं शीतयंत्र घरघरत ठेवायला हवं.

मला विचाराल तर क्वांटोस्कोपला उजेड कधीच कमी पडला नाही. त्याला थंडी महाग पडली. त्या दोन पायल्यांची उष्णता नेऊन टाकायची कुठे, हा प्रश्न या खोलीत शेवटपर्यंत बसून राहिला. आणि कौलं काढून शिरण्याचं कौतुक तोवरच असतं, जोवर दार बंद आहे.

दार कसं उघडलं ते बघायला तीन वर्षं मागे आणि फार पूर्वेला जावं लागेल. नागोया, १९८९. प्राध्यापक इसामू आकासाकी आणि त्यांचा तरुण सहकारी हिरोशी अमानो. इथे पंपाची ठकठक आहे, निर्वात आहे, स्फटिक आहे, पण पदार्थ वेगळा: गॅलियम नायट्राइड. उद्योगातल्या बहुतेकांनी त्याचा नाद सोडलेला. रोग तोच जुना. एन होतो, पी होत नाही. मॅग्नेशियम मिसळलं तरी ढिम्म.

त्याआधी काही वर्षांपूर्वी अमानो यांच्या एक गंमत लक्षात आली होती. जस्त मिसळलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बघता बघता त्याची चमक वाढत जायची. बघणारा झोतच नमुन्याला बदलत होता. आता मॅग्नेशियमवाल्या नमुन्यावर त्यांनी मुद्दाम हळू इलेक्ट्रॉनांचा झोत फिरवलाय, शेणाने अंगण सारवावं तसा, एकही कोपरा न सोडता. मोजमाप घेतात. नमुना पी झालाय.

मॅग्नेशियमच्या कणांना हायड्रोजन चिकटून बसलेला होता, त्याने त्यांचं तोंड बंद केलं होतं. झोताने ती पकड सोडवली. शुजी नाकामुरा यांनी १९९२ मध्ये दाखवलं की झोताचीही गरज नाही, ७०० अंशांच्या वर नुसतं तापवलं तरी हायड्रोजन निघून जातो. ते तापवणं कशात? नायट्रोजन वायूत. मॉस्कोत जो द्रव होऊन उकळत होता तोच इकडे भट्टीत वायू होऊन फिरतोय. हे मी रचून सांगत नाही.

१९९६ च्या सुरुवातीला नाकामुरा यांचा निळा-जांभळा लेसर डायोड छापील रूपात जगापुढे आला. तांदळाच्या दाण्याहून लहान. ५०,००० व्होल्ट नाहीत, निर्वात नळी नाही, क्ष-किरण नाहीत. कौलं काढणाऱ्या इलेक्ट्रॉनांनीच आतून कडी काढून दिली होती. २०१४ मध्ये या तिघांना नोबेल मिळालं.

कॅलिफोर्नियाला धावती भेट देऊ. २००० नंतरची वर्षं. प्रिन्सिपिया लाइटवर्क्स ही कंपनी आणि मॉस्कोचे कोझलोव्स्की मिळून जुन्या कल्पनेला नवं अंग चढवताहेत. सबंध जाड स्फटिकाऐवजी नॅनोमीटर जाडीचे थर एकावर एक रचायचे, आणि ते नेमके तिथेच ठेवायचे जिथे आरशांमधली उजेडाची लाट सर्वांत उंच असते. आता साध्या खोलीच्या तापमानाला काम होऊ लागतं. झोताने चित्र काढायचा हट्टही सोडला; तो नुसता फिरत राहून भरपूर रंगीत उजेड देणार, आणि चित्र काढणार ती लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेली इवल्या आरशांची चिप. म्हणजे चित्रकाराचा दिवटीवाला झाला. दिवटी उत्तमच होती. पण २००९ मध्ये जपान आणि जर्मनीत हिरवा लेसर डायोडही जमला, आणि शेवटची फटही बुजली.

परत या. कोट काढा, इथे एसी आहे. तुम्ही मल्टिप्लेक्समध्ये बसलेले आहात आणि डोक्यावरून जो झोत पडद्याकडे चाललाय तो बहुधा लेसरचाच आहे. बऱ्याच प्रोजेक्टरांत निळे डायोड असतात आणि त्यांच्यासमोर फिरणारं पिवळ्या फॉस्फरचं चाक. होय, फॉस्फर. मॉस्कोच्या लोकांनी ज्याला नळीतून खरवडून काढलं तोच, चाकावर बसून फिरत परत आलाय. फिरतो म्हणून जळत नाही, एवढं शहाणपण मधल्या काळात त्याला आलं. ऑपरेटर मात्र खूश आहे. पूर्वी झेनॉनचा दिवा बदलताना फुटायच्या भीतीने तोंडावर संरक्षक मुखवटा चढवावा लागे, ते गेलं.

आणि ती कौलं? ती अजून काढली जातात, दुसऱ्या घराची. खूप खोल अतिनील उजेडासाठी अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइड लागतं, आणि ते पी व्हायला पुन्हा तसंच नखरे करतं. २०१० मध्ये क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या थरांवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून १०० मिलिवॅट उजेड काढला. लेसर नव्हे, नुसता उजेड. तरंगलांबी २४० नॅनोमीटर. पाण्यातले जंतू मारायला असा उजेड चांगला. पडद्यावर टाकून उपयोग नाही, तो माणसाला दिसत नाही.